समुद्रकाठी राहायला कोणी जायचे?

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी आणि बांदा यांच्या मध्ये इन्सुली हे गाव आहे. गोव्याहून येणाऱ्या गाड्या येथील नाक्यावर थांबवल्या जातात. उत्पादन शुल्क खात्याचे कर्मचारी डिकी उघडून पाहतात आणि गोवा बनावटीच्या दारूचे खोके सापडले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. बाटलीचा हिशेब सरकार असा चोख ठेवते. याच नाक्यावरून दुसरीही एक वर्दळ रोज ये-जा करते. तिच्या पिशवीत सातबाराचे उतारे असतात, मुखत्यारपत्रे असतात, विसारपावत्या असतात. ती पिशवी मात्र कोणी उघडून पाहत नाही.

गेल्या काही वर्षांत शहरातल्या सुखवस्तू वर्गाला एक नवा छंद लागला आहे. निवृत्तीनंतर किंवा त्याही आधी, समुद्रकाठच्या कोणत्या गावात राहायला जावे, याची चर्चा तेथे रंगते. मालवण बरे की वेंगुर्ला, तारकर्लीत गर्दी फार झाली का, शिरोडा-आरवली अजून स्वस्त आहे का? ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या हद्दीत मोपा विमानतळाचे. मोपा तर इन्सुली-बांद्याच्या अगदी उशाला आहे. गोव्यातल्या पेडण्याचे भाव आकाशाला भिडले, तसे दलाल तेरेखोल नदी ओलांडून इकडे आले. इन्सुलीला समुद्र नाही. तरी तिथली जमीन 'समुद्राजवळची' म्हणून दाखवली जाते. अकृषक प्लॉट, सिमेंटचे खांब, तारेचे कुंपण आणि फाटकावर एखादे इंग्रजी नाव, असे दृश्य आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना नवीन राहिलेले नाही.

आपला या चर्चेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कोकणातून आपली माणसे मुंबईला गेली ती गोदीत, गिरण्यांत, रेल्वेत, नगरपालिकेच्या कामावर. बी.आय.टी. चाळीत आणि बी.डी.डी. चाळीत त्यांनी संसार केले. त्यांची पुढची पिढी बँकेत, विमा कंपनीत, मंत्रालयात, शाळांत नोकरीला लागली. ती पिढी आज निवृत्त होत आहे. हाती भविष्यनिर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे, मुंबईतली खोली मुलांना अपुरी पडते आहे. गावाकडे जावे, किनाऱ्यावर छोटे घर घ्यावे, हा विचार या घरांतही बोलला जातो. त्यात चैन आहे असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की जो निर्णय इतरांना नकाशा आणि किंमत पाहून घेता येतो, तो आपल्याला तेवढ्यावर घेता येतो का?

याला कोकणातच एक जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पलटणीतून निवृत्त झालेल्या महार शिपायांनी, हवालदार-सुभेदारांनी दापोलीच्या कॅम्पात वस्ती केली. पेन्शन हातात, अंगात लष्करी शिस्त, लिहिता-वाचता येणारे. समुद्रापासून थोड्या अंतरावरची थंड हवा त्यांनाही आवडली असेलच, पण पूर्वजांच्या गावात महारकी करण्यापेक्षा छावणीच्या गावात ताठ मानेने राहता येईल, हा विचार त्यामागे असला पाहिजे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीलाच राहिले. 'विटाळ विध्वंसन' ही त्यांची पुस्तिका १८८८ सालची. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. या पेन्शनर मंडळींनी आपली मुले दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून १८९०च्या दशकात अर्जविनंत्या केल्या. मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या ओट्यावर. म्हणजे गाव निवडले, घर केले, कर भरला, पण दार उघडले नाही. हवापाणी पाहून गाव निवडणाऱ्याच्या यादीत हा रकाना कधी असतो का?

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयी काय मत मांडले, ते आंबेडकरी वाचकाला सांगण्याची गरज नाही. खेडे सोडा, शहर धरा, या दिशेने समाज गेला आणि त्याचे भलेही झाले. पण त्याच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर नेले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. खेड्यात राहू नका म्हणणारा नेता जमिनीवरचा हक्क सोडा असे म्हणत नव्हता. राहणे वेगळे, मालकी वेगळी. आपल्या समाजात या दोन गोष्टींची गल्लत झाली. आपण गाव सोडले आणि त्याबरोबर सातबाराकडेही पाठ फिरवली.

आता कायदा पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारावरचे नाव. ज्याच्या आज्याला गावाने जमीन धरू दिली नाही, त्याच्या शिकलेल्या नातवाला आज पैसे मोजूनही शेतजमीन घेता येत नाही. कायदा जात विचारत नाही, उतारा विचारतो. पण उताऱ्यावर नाव कोणाचे आले आणि कोणाचे आले नाही, हे ठरवताना जात विचारली गेली होती. मुंबईच्या धनिकाला मात्र अकृषक केलेला प्लॉट, कंपनी, भागीदारी असे अनेक रस्ते मोकळे असतात.

ज्यांच्या नावावर थोडीफार जमीन आहे त्यांची कथा आणखी वेगळी. सिंधुदुर्गात सामाईक सातबारा हा घरोघरीचा विषय आहे. पणजोबाच्या नावावर पाच गुंठे, वारस तीस, त्यातले पंचवीस मुंबईला, दोन गुजरातेत, गावात एक म्हातारी. वारस नोंद केलेली नाही, वाटप झालेले नाही. दलालाला हीच स्थिती हवी असते. तो गावातल्या एकाला गाठतो आणि म्हणतो, 'विकून टाक, काय करतलस ती ठेवन?' मग मुंबईतल्या एका चुलत्याची सही, दुसऱ्याचे मुखत्यारपत्र, बहिणींची हक्कसोडपत्रे. बहिणीला साडी-चोळी आणि हजार-पाच हजार देऊन तिचा हिस्सा मिटवणारे भाऊ आपल्यातही आहेत. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या नेत्याचे नाव घेणाऱ्यांना हे शोभत नाही, एवढेच म्हणतो.

या व्यवहारात कायदा आपल्या बाजूला आहे, पण तो वापरला जात नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा एखादा वारस विकू लागला, तर त्याच्याबरोबरच्या पहिल्या वर्गातील इतर वारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. मुलींचा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच झाला. आपल्या किती वाड्यांत या तरतुदी माहीत आहेत? वकील लागतो तेव्हा खरेदीखत झालेले असते.

वतनाच्या जमिनीचे तर विचारूच नका. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली, जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. नजराणा भरून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याखेरीज ती विकता येत नाही. ही अट आपल्याच संरक्षणासाठी होती. पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गाजला, तेव्हा ही अट कशी ओलांडायचा प्रयत्न होतो हे सर्वांनी पाहिले. पुण्यात गाजावाजा झाला, कारण रक्कम तीनशे कोटींची होती. कोकणातल्या दहा गुंठ्यांसाठी कोणता पत्रकार तहसील कार्यालयात बसणार?

समुद्रकिनाऱ्याची जमीन ज्याची त्याच्याकडून काढून घेण्याची ही रीत जगभराची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी विला आणि चार्ल्स ब्रूस या काळ्या दांपत्याने १९१२ साली किनाऱ्यावर जागा घेतली. इतर किनाऱ्यांवर मज्जाव असलेले काळे लोक तेथे पोहायला, विश्रांतीला येऊ लागले. गोऱ्या शेजाऱ्यांना ते खुपले. शेवटी १९२४ साली नगरपालिकेने बाग करायची म्हणून ती जागा सक्तीने संपादित केली आणि नंतर ती कित्येक वर्षे पडूनच ठेवली. ब्रूस यांच्या वारसांना ती परत मिळाली २०२२ साली. 'सार्वजनिक हित' हा शब्द ऐकला की आपण हा दाखला आठवावा. कोकणात पर्यटनाच्या नावाने संपादित होऊन वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या जमिनी आहेतच. शिरोडा-वेळागरच्या लोकांना विचारा.

असो. तरीही एखाद्याला राहायला जायचेच असेल, तर माझे मत स्पष्ट सांगतो. अगदी वाळूवरचे घर घेऊ नये. देवबागसारख्या गावात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. समुद्र ती दरवर्षी कुरतडतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचे काय केले ते ताजे आहे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत बांधकामबंदीची पट्टी ५० मीटरवर आणली, विरळ वस्तीच्या गावांत ती भरती रेषेपासून २०० मीटरच आहे. घर घेताना विकणारा हे सांगत नाही. नदीकाठही सुरक्षित समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये बांद्याच्या बाजारपेठेत तेरेखोलचे पाणी शिरले होते.

म्हाताऱ्या माणसाला समुद्रापेक्षा दवाखाना जवळ लागतो. ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झाले, तरी दुखणे गंभीर झाले की सिंधुदुर्गातला माणूस आजही गोव्यात बांबोळीला धाव घेतो. त्या दृष्टीने सावंतवाडी, बांदा, इन्सुली हा पट्टा मालवणपेक्षा सोयीचा. समुद्र पाहायचा तर एस.टी.ने शिरोड्याला जाऊन संध्याकाळी परत येता येते.

पण सर्वांत मोठा प्रश्न शेजाराचा. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याचे घर मागणाऱ्या दलित आणि मुस्लिमांना कसे टाळले जाते, याचा अभ्यास सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. कोकणातल्या छोट्या गावात तसा अभ्यास करण्याची गरजही पडणार नाही. 'आडनाव काय? मूळ गाव कोणते? वाडी कोणती?' या तीन प्रश्नांत सर्व काही उरकते. बारा-पाचाच्या देवस्कीत ज्या गावाचे व्यवहार चालतात, तेथे धम्माचा स्वीकार करून मानपान आणि कामे दोन्ही सोडलेल्या माणसाला कोणत्या रांगेत उभे करायचे, हे त्या गावाला अजून ठरवता आलेले नाही. सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, रस्ता मात्र वाडीच्या अलीकडेच संपतो. म्हणून एकट्याने अनोळखी किनाऱ्यावर बंगला बांधण्यापेक्षा, चार-पाच कुटुंबांनी मिळून सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला यांसारख्या बाजारपेठेच्या गावात घरे घ्यावीत, आणि वाडीतली वडिलोपार्जित जागा राखावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

राखावी म्हणजे पडीक ठेवावी असे नव्हे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. पर्यटन आले आणि माणसे गेली. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या राहत्या घरात पर्यटक ठेवण्याची मुभा आहे. न्याहारी-निवास योजना आहे. पण हॉटेलात भांडी घासणारे, खोल्या झाडणारे आपले आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, हे चित्र कोणत्या योजनेने बदलले? भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबळीकरण योजना २००४ पासून आहे. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. सरकारच्या दराने किनाऱ्यालगत कोण जमीन विकणार? कोकणापुरता तो दर वेगळा ठरवा, एवढी एक मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली असती, तरी काही पदरात पडले असते. त्याऐवजी आपण एकमेकांचे गट मोजत बसलो.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतात. वाडीवाडीत बौद्धजन पंचायतीच्या शाखांच्या सभा होतात, जयंतीचा जमाखर्च वाचला जातो, विहाराच्या रंगाची चर्चा होते. यंदा त्या सभेत प्रत्येक घराने आपला सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून आणावा. मयताचे नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच सुट्टीत तलाठ्याकडे द्यावा, बहिणींची नावे घालून. फेरफाराची नोटीस लागली की हरकतीला पंधरा दिवस असतात, म्हणून गावात राहणाऱ्या एकाने दर पंधरवड्याला चावडीवरचा फलक पाहून मुंबईला कळवावे. कोणी परक्याने जमीन बळकावली असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्यात तो गुन्हा आहे, तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.