ओहम जुळले, पण काम जुळले का?

जुनी वस्तू बिघडली की ती अडगळीत टाकावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न प्रत्येक घरात व शाळेत केव्हा ना केव्हा उभा राहतो. माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे. मात्र 'यंत्र चालू झाले, आपले काम संपले' असे मानणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत व्हॉल्व्हच्या काळातील एक वीजपुरवठा-यंत्र आहे. ते ३०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह देते. गेल्या पावसाळ्यात त्यातील ३० किलोओहमचा एक रोधक, ज्याला बाजारात रेझिस्टर म्हणतात, जळाला. एका उत्साही विद्यार्थ्याने तितक्याच ओहमचा, पण अर्ध्या वॅटचा नवा रोधक आणला व विचारले, "सर, ओहम तर जुळतात, मग अडचण कोणती?"

अडचण वॅटची होती. ३०० व्होल्टला ३० किलोओहमने भागले असता १० मिलिअँपिअर प्रवाह येतो, आणि प्रवाहास दाबाने गुणले असता ३ वॅट. म्हणजे त्या बिचाऱ्यावर सहापट भार! तो काही काळ तग धरता आणि मग मुकाट्याने जळून जाता. यंत्र मात्र पूर्ववत चालत राहते.

खरा धोका येथेच आहे. यंत्र बंद केल्यावर कंडेन्सरमध्ये उरलेली वीज वाहून नेणे, हेच या रोधकाचे काम. ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर सुमारे एका सेकंदात दाब ३०० वरून ११० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि पाच-सहा सेकंदांत जवळजवळ नाहीसा होतो. रोधकच नसेल, तर बटण बंद करून निर्धास्तपणे आत घातलेल्या हातास जबर धक्का बसेल. तो हात कोणाचा असेल, हे कोणी सांगावे?

३० किलोओहमचा मोठा रोधक गावात मिळेना. तेव्हा १० किलोओहमचे, ५ वॅटचे तीन रोधक आम्ही एकापुढे एक जोडले. प्रत्येकाच्या वाट्यास १०० व्होल्ट व अवघा १ वॅट आला. गणिताच्या तासाचे याहून चांगले सार्थक कोणते?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उष्णतेने रोधकावरील रंग बदलतात. पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. पण नारिंगी पट्टा करपून तपकिरी दिसू लागला, तर तोच रोधक ४७० ओहमचा भासतो. म्हणून डोळ्यांपेक्षा यंत्राच्या नकाशावर विश्वास ठेवावा. दुसरे असे की, रोधक अनेकदा दुसऱ्याच्या दोषाने जळतो. पुढचा कंडेन्सर गळका झाला की प्रवाह वाढतो आणि शिक्षा रोधकास होते. कारण न शोधता नुसता रोधक बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

विद्यार्थिमित्रांनो, असे यंत्र शिक्षकांवाचून उघडू नका. उघडण्यापूर्वी तारेची पिन काढा, आणि आत हात घालण्यापूर्वी मापकाने दाब शून्य झाल्याची खात्री करून घ्या. दुरुस्तीत चार पैसे वाचतात, हे खरे. परंतु आपल्यानंतर त्या यंत्रास हात लावणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी वाहणे, हीच दुरुस्तीची खरी कसोटी होय.