बोलूं न शकणाऱ्या रोग्याचें मुखमार्जन

सकाळीं उठल्यावर दांत घांसून, चूळ भरून मगच दुसऱ्या कामास हात लावावयाचा, हा धडा आपल्या घरांतील मुलांस अक्षरओळखीच्याही आधीं मिळतो. मुखमार्जनावांचून देवापुढें उभें राहणें तर दूरच, चहाचा पेलाही कोणी हातीं देत नाहीं. परंतु ज्याला स्वतः दांत घांसतां येत नाहींत, चूळ भरतां येत नाहीं, फार काय, तोंडाला कोरड पडली आहे हें सांगतांही येत नाहीं, अशा रोग्याच्या मुखमार्जनाचा विचार आपण कितीसा करतों?

हा प्रश्न मला पुस्तकानें शिकविला नाहीं. माझ्या सासऱ्यांस पक्षाघाताचा झटका आला व बदलापुराहून त्यांस कल्याणच्या एका रुग्णालयांत न्यावें लागलें. श्वास नीट चालेना, म्हणून घशांतून नळी घालून श्वसनयंत्र लावण्याचें ठरलें. तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, "यांना कवळी आहे का? एखादा दांत हलतो का?" तीस वर्षें एका छपराखालीं राहिलेलीं आम्ही माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों! उत्तर ठाऊक होतें तें एकट्या सासूबाईंस, आणि त्या तर घरीं. फोन केला तेव्हां कळलें कीं, खालचा एक दांत महिनाभर हलत होता, म्हणूनच मामंजी भाकरी दुधांत कुसकरून खात. नळी घालतांना असा दांत निखळून श्वासमार्गांत जाण्याचें भय असतें. ही माहिती वेळेवर मिळाली हें आमचें भाग्य.

पुढें नऊ दिवस त्यांच्या तोंडांत ती नळी होती. त्या काळांत जें समजून घेतलें, तें वाचकभगिनींपुढें ठेवतें.

निरोगी माणसाच्या तोंडांत लाळ अखंड पाझरत असते. ती दांत धुते व जंतूंस आवर घालते. नळीमुळें तोंड उघडें राहतें, कांहीं औषधांनीं लाळ आटते आणि चावण्याची क्रिया तर बंदच असते. त्यामुळें दांतांवर जंतूंचा चिकट थर जमतो, व थोड्याच दिवसांत नेहमींच्या जंतूंच्या जागीं रुग्णालयांतील दांडगे जंतु बिऱ्हाड करतात. नळीच्या खालच्या टोकाशीं एक लहान फुगा फुगविलेला असतो. हवा निसटूं नये व वरचा स्राव खालीं उतरूं नये, हा त्याचा हेतु. परंतु तो कांहीं बाटलीचें घट्ट बूच नव्हे. त्याच्या चुण्यांतून वर सांचलेली लाळ थेंबाथेंबानें फुफ्फुसांत झिरपूं शकते. नळी घातल्यास ४८ तास उलटल्यावर जो नवा न्यूमोनिया उद्भवतो, त्याचें एक मोठें मूळ असें तोंडांतच असतें.

हें आवरावें कसें, याविषयींचें मत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरेंच पालटलें आहे. १९९६ सालीं हृदयशस्त्रक्रियेच्या रोग्यांवर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानें तोंड धुण्याचा प्रयोग अमेरिकेंत झाला व त्यास यश आलें. मग तें औषध सर्वत्र रूढ झालें. परंतु २०१४ सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला असतां, हृदयशस्त्रक्रियेखेरीज इतर रोग्यांत त्याचा लाभ निश्चित दिसेना. उलट अपाय होतो कीं काय, अशी शंका उत्पन्न झाली. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीं दांत रोज घांसण्यावर भर दिला, आणि क्लोरहेक्सिडीन वगळण्यास सांगितलें. २०२४ सालीं पंधरा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. दांत घांसलेल्या रोग्यांत न्यूमोनिया सुमारें एक तृतीयांशानें कमी आढळला, व हा लाभ मुख्यतः श्वसनयंत्रावरील रोग्यांस मिळाला. दिवसांतून दोनदां घांसणें व तीनदां घांसणें यांत मात्र फरक दिसला नाहीं. औषधापेक्षां साधा मऊ ब्रश श्रेष्ठ ठरावा, ही गोष्ट आपल्या आज्यांना ऐकून नवल वाटलें नसतें!

आतां एक नाजूक गोष्ट. चौथ्या दिवशीं एकादशी होती. सासूबाई तीर्थाची कुपी घेऊन लोकलनें कल्याणास आल्या. "दोनच थेंब घालूं द्या," असें त्या काकुळतीनें म्हणाल्या. परिचारिकेनें हात धरला. "आजी, यांना गिळतां येत नाहीं. हे थेंब छातींत उतरतील." सासूबाईंचे डोळे भरून आले. मलाही क्षणभर त्या मुलीचा राग आला. पण चूक आमची होती. तिनें सासूबाईंस जवळ उभें करून घेतलें. खाटेचें डोकें तीस अंशांहून अधिक वर केलेलें होतें. एकीनें नळी स्थिर धरली, दुसरीनें लहान ब्रशानें दांत, हिरड्या व जीभ हलक्या हातानें घांसली, आणि सुटलेलें पाणी शोषकनळीनें लगोलग ओढून घेतलें. शेवटीं ओठांस मलम लावलें. सासूबाई सारें टक लावून पाहत होत्या. "उजवीकडच्या दाढेला जपा, ती दुखते त्यांची," एवढेंच त्या बोलल्या, आणि तीर्थाचें बोट त्यांनीं मामंजींच्या कपाळास लावलें. त्या दिवसापासून दाढेची ती सूचना रोग्याच्या कागदावर लिहिली गेली.

यावरून घरच्या माणसांनीं काय शिकावें? पहिलें म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कवळीची, हलत्या व दुखऱ्या दांतांची माहिती घरांत एकाहून अधिकांस असावी व ती डॉक्टरांस आधींच सांगावी; कवळी डबींत घालून नांवानिशीं जपावी. दुसरें, "तोंडाची निगा दिवसांतून किती वेळां घेतां?" असें विनयानें विचारण्यांत कमीपणा नाहीं. तिसरें, परवानगीवांचून पाणी, तीर्थ, मध यांचा थेंबही तोंडांत घालूं नये. नळी निघाल्यावर रोगी पहिल्यानें पाणी मागतो. तेव्हांही गिळण्याची शक्ति तपासल्याखेरीज तें देऊं नये. हा मोह आवरणें सर्वांत कठीण.

मामंजी घरीं आले, त्यास आतां तीन महिने झाले. उजवा हात अजून साथ देत नाहीं. पहिल्याच सकाळीं त्यांनीं मोरीपाशीं खुर्ची मागितली आणि डाव्या हातानें, चुकतमाकत, पण स्वतः दांत घांसले. सासूबाई चुळीसाठीं तांब्या धरून शेजारीं उभ्या होत्या.