चित्रकाराला भिंत द्या, भिंतीवर त्याचे नाव द्या!

आंबेडकरी जलसा म्हटले की भीमराव कर्डक आठवतात. गाणे म्हटले की वामनदादा, कविता म्हटले की नामदेव ढसाळ. आता आपल्याच वस्तीतल्या एका चित्रकाराचे नाव सांगा, असे आम्ही युवकांच्या बैठकीत विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. विहाराच्या भिंतीवरचा बुद्ध त्यानेच रंगवलेला असतो. जयंतीच्या रथावरचे बाबासाहेब त्याच्याच हातचे असतात. फलकावर देणगीदारांची नावे असतात, शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो असतात. चित्रकाराचे नाव मात्र कुठेच नसते.

आमचे श्रम घ्यायचे आणि आमचे नाव पुसायचे, हीच जातिव्यवस्थेची रीत. तिच्याशी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो आहोत. मग आपल्याच मांडवात ती का चालते?

प्रस्थापितांच्या कलादालनांकडून आम्हाला फार आशा नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून, जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून. एवढ्या जुन्या कलाव्यवहारात एकल प्रदर्शन भरवायचे तर अर्ज, भाडे, फ्रेमा, वाहतूक आणि लांबलचक प्रतीक्षा. भाड्याच्या एका खोलीत चित्र काढणाऱ्या पोराने किंवा पोरीने हे कुठून आणायचे? फार तर ‘दलित चित्रकार’ म्हणून दहा जणांना एकत्र एका भिंतीवर टांगले जाते. गट म्हणून प्रवेश, माणूस म्हणून नकार!

इथे आपलेच काही जुने कार्यकर्ते म्हणतात, “चळवळीत ‘मी’ नसतो, ‘आपण’ असतो. एकट्याचे प्रदर्शन कशाला?” त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. हिंदू समाजव्यवस्था व्यक्तीला नव्हे, वर्णाला एकक मानते. मुक्त समाजव्यवस्थेत मात्र व्यक्ती हेच साध्य असते, अशी मांडणी त्यांनी केली आहे. एकल प्रदर्शन ही व्यक्तिपूजा नाही. या माणसाची नजर स्वतंत्र आहे, तिला स्वतंत्र भिंत हवी, एवढेच त्यात मान्य करायचे असते.

ज्यांच्या पँथर्सवरून दलित पँथरने 1972 साली नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हे फार आधी ओळखले होते. 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सामुदायिक कला केंद्र सुरू झाले. त्याची पहिली संचालक होती शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज आणि पैसा होता सरकारी कला योजनेचा. हार्लेमच्या अशाच वर्गांमधून घडलेल्या जेकब लॉरेन्सचे पहिले एकल प्रदर्शन 1938 मध्ये भरले, तेही तिथल्याच वायएमसीएमध्ये. पुढे त्याने आपल्या लोकांच्या स्थलांतरावर 60 चित्रांची मालिका केली आणि 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे एकल प्रदर्शन भरवले. क्रम नीट पाहा. आधी वस्तीने मानले, मग संग्रहालयाने. 1968 साली हार्लेममध्ये स्टुडिओ म्युझियम उघडले, तेव्हाही सुरुवात झाली टॉम लॉईड या एकाच कृष्णवर्णीय कलावंताच्या प्रदर्शनाने.

आपल्याकडे भिंतींची कमतरता आहे का? गावोगावी समाजमंदिरे आहेत, आंबेडकर भवने आहेत, विहारांची सभागृहे आहेत. लग्न, हळद, बारसे यांना ती मिळतात. वर्षातले पंधरा दिवस स्थानिक चित्रकाराला मिळू नयेत?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक भवनाने वर्षातून एका स्थानिक कलावंताचे एकल प्रदर्शन विनाभाडे भरवावे. दिवे आणि खिळे समितीने द्यावेत. दारावर कलावंताचे नाव पाहुण्याच्या नावापेक्षा मोठे असावे. चित्राखाली किंमत लिहावी आणि जयंतीच्या वर्गणीतून, डीजेचा एक तास कमी करून, निदान एक चित्र विकत घ्यावे. फुकट मागू नये. शाळेतल्या पोरांना रांगेने आणून चित्रकाराशी बोलू द्यावे. नगरपालिका आणि समाजकल्याण खात्याकडेही हा हक्क म्हणून मागावा, कारण ही सभागृहे जनतेच्या पैशातून उभी राहतात.

“आधी शिक्षण, नोकरी, मग चित्रे,” असे म्हणणाऱ्यांना एकच सांगायचे आहे. आपला इतिहास आपण लिहिला नाही तेव्हा तो दुसऱ्यांनी लिहिला. आपला चेहरा आपण रंगवला नाही, तर तोही दुसरेच रंगवतील आणि खाली सही त्यांची असेल.

येत्या जयंतीच्या नियोजन बैठकीत हा विषय मांडा. वस्तीतल्या त्या चित्रकाराला सोबत घेऊन जा आणि इतिवृत्तात त्याचे पूर्ण नाव लिहा.

जय भीम!