रुमालाला दंड, आणि मास्कवरून भांडणारे आपण

पुणतांबा जंक्शनवर जनरलच्या डब्यात चढणारा माणूस कोण असतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. शेतमजूर, वीटभट्टीवर निघालेली कुटुंबे, हॉटेलात आणि लॉजवर साफसफाई करणाऱ्या आमच्या आयाबहिणी, पिशवीत डबा आणि वह्या घेतलेली कॉलेजची पोरे. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा इथेच फुटतो. या डब्यात आजही कुणी चार वेळा खोकले की एक जण म्हणतो, "अहो, तोंडाला काही लावा ना." दुसरा लगेच उसळतो, "कोरोना गेला आता, आम्हाला शिकवू नका." चळवळीतल्या तरुणांतही या प्रश्नावर सरळ दोन तट आहेत. एकाला मास्क म्हणजे सरकारी दडपशाही वाटते, दुसऱ्याला मास्क न लावणारा म्हणजे अडाणी वाटतो.

आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. बंद डब्यात, भरलेल्या एसटीत, दहा-बारा माणसे कोंबलेल्या काळी-पिवळीत ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने मास्क लावावा, आणि साथ असेल तर सर्वांनीच लावावा. त्याचबरोबर, ज्या सरकारने गरिबाच्या हातात मास्क न देता दंडाची पावती दिली, त्या सरकारला जाबही विचारावा. या दोन गोष्टींत विरोध नाही. पण आमच्यातले बरेच जण यातली एकच धरून बसतात आणि दुसरी धरणाऱ्याला शत्रू समजतात.

काही मित्र म्हणतात, संविधानाने आम्हाला स्वातंत्र्य दिले आहे, तोंड झाकायचे की नाही ते आम्ही ठरवू. मित्रांनो, ज्या कलम 19 ने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला, त्याच कलमाने सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही हे बजावले होते. आपण स्वातंत्र्य आणि समता घोकतो, बंधुता मात्र जयंतीच्या बॅनरवर ठेवतो. शेजारच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याला दमा आहे की नाही, समोरच्या बाईचे केमो चालू आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नसते. क्षयरोगही हवेतूनच पसरतो, आणि कोंदट घरात, अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्यांनाच तो आधी गाठतो. म्हणजे तुमच्या उघड्या तोंडाची किंमत बहुतेक वेळा आपल्याच माणसाला मोजावी लागते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो आपल्या जखमेतून आला आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात थुंकण्यासाठी गाडगे बांधले जाई, याचा उल्लेख बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या 1936 च्या भाषणात केला आहे. मास्क म्हणजे नवे गाडगेच, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ही तुलना मान्य नाही. गाडगे एकाच समाजघटकाच्या गळ्यात होते. त्याने कुणाचा रोग थांबत नव्हता, फक्त सवर्णांचा विटाळ थांबत होता. मास्कचा नियम ब्राह्मणालाही लागू होता आणि मातंगालाही. शिवाय मास्क जंतूला अडवतो, माणसाला नाही. प्रवासात माणसाला अडवणे काय असते, तो इतिहास आपल्याकडे आहे. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात न्यायला नकार दिला. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला सवय नसलेला माणूस बसला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा आडवा आला तो विटाळ होता. मास्कला त्याच माळेत ओवले तर चाळीसगावची गोष्ट हलकी होते.

शब्दांची काळजी मात्र घ्यायला हवी होती. 'सोशल डिस्टन्सिंग'चे मराठीत 'सामाजिक अंतर' झाले आणि ज्यांनी हजारो वर्षे ते अंतर पाळले त्यांना ते शास्त्रशुद्ध वाटू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या पाट्या तरी बदलल्या नाहीत.

साथीच्या काळात प्रवाशावर डोळा ठेवणारा कायदा जुना आहे. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेल्या 1897 च्या साथरोग कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा अधिकार सरळ लिहिला आहे, आणि 2020 मध्ये राज्याने तोच कायदा बाहेर काढला. त्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनाची कथा आपल्याला शाळेत शिकवली जाते. त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेलेल्या सावित्रीमाई किती पुस्तकांत आहेत? सक्ती आणि सेवा यांतला फरक तिथे दिसतो.

आता खऱ्या प्रश्नावर येऊ. 27 नोव्हेंबर 2021 रोजी राज्य सरकारने नियमावली काढली. मास्क नसेल तर 500 रुपये दंड. टॅक्सीत, खासगी चारचाकीत किंवा बसमध्ये एखादा प्रवासी बिनामास्क सापडला तर त्याला दंड, आणि चालकाला, मदतनिसाला किंवा कंडक्टरलाही 500 रुपये दंड. त्यातच पुढे लिहिले होते की रुमाल हा मास्क समजला जाणार नाही आणि रुमाल बांधणारा दंडास पात्र राहील.

रुमाल कमी पडतो हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण रुमाल, उपरणे, पदर कोण बांधतो? ज्याच्या खिशात मास्क नाही तो. त्याला नियम मोडायचा नव्हता, हाताशी होते त्याने तोंड झाकून तो नियम पाळायलाच आला होता. आणि सरकारला मास्कची किंमत ठाऊक नव्हती असे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये याच सरकारने दर ठरवून दिले होते: तीन पदरी मास्क 4 रुपये. म्हणजे एका दंडात 125 मास्क आले असते. 2021-22 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 248 रुपये होती. एका रुमालापायी दोन दिवसांचे काम गेले. गाडग्याची आठवण कुठे काढायची असेल तर इथे काढा. नियम सर्वांना सारखा, पण तो मोडल्याचा भार एकाच थराच्या पाठीवर.

ज्या कंडक्टरला प्रवाशाच्या तोंडासाठी जबाबदार धरले, त्यांच्यातले हजारो एसटी कर्मचारी तेव्हा विलीनीकरणासाठी संपावर होते हेही लक्षात ठेवा. पगार वेळेवर नाही, पण दंडाच्या यादीत नाव पहिले!

भाड्याचे तर कुणी बोललेच नाही. कोरोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या, परत आल्या त्या 'स्पेशल' म्हणून, आणि कमीत कमी 10 रुपयांचे तिकीट 30 रुपयांचे झाले. लोकांनी अनावश्यक प्रवास करू नये म्हणून भाडे थोडे जास्त ठेवले आहे, असे रेल्वेने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले. कामाला जाणाऱ्या मजुराचा प्रवास अनावश्यक कसा? राज्यातली मास्कसक्ती एप्रिल 2022 मध्ये उठली. 10 रुपयांचे तिकीट परत यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. जनरलच्या डब्यात आपण एकमेकांशी मास्कवरून भांडत होतो आणि तिप्पट भाडे निमूट भरत होतो.

जून 2022 मध्ये पुन्हा गोंधळ. आरोग्य विभागाच्या पत्रात रेल्वे, बस, शाळा अशा बंद जागी मास्क 'मस्ट' लिहिले गेले, आणि लगेच आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना सांगावे लागले की ही सक्ती नव्हे, आवाहन आहे. डब्यातल्या माणसाने काय समजायचे? त्याच आठवड्यात पुणतांब्यात शेतकऱ्यांचे धरणे चालू होते.

याच गावाच्या ग्रामसभेतून निघालेल्या हाकेने 1 जून 2017 पासून राज्यभर शेतकरी संप झाला होता. ठरावाला वजन असते हे पुणतांब्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आमचे वस्तीतल्या तरुणांना सांगणे आहे की मास्कचा ठराव आत्ताच, साथ नसताना मांडा. पुढच्या साथीत प्रवासात मास्क बंधनकारक केला तर तो तिकिटासोबत मोफत द्यावा. तो गावोगावच्या महिला बचत गटांकडून शिवून घ्यावा, कोरोनात त्यांनी तो शिवून दाखवला आहे. मास्क पुरवल्याशिवाय दंड नको, चालक-कंडक्टरवर दंड नको, आणि साथीच्या नावाखाली भाडेवाढ नको. ग्रामसभेआधी विषय ग्रामपंचायत कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेला महिलांना मोठ्या संख्येने घेऊन जा.

जय भीम!