आधी नेम, मग रायफल

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातील एका जुन्या स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर सांबराची शिंगे आहेत आणि शिंगांखाली दोन रिकाम्या खुंट्या. त्या खुंट्यांवर पूर्वी त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक असे. परवान्याचे नूतनीकरण राहून गेले, बंदूक जमा झाली, खुंट्या तेवढ्या उरल्या. चहापाणी झाल्यावर त्यांच्या नातवाने गुळगुळीत कागदाचे एक सचित्र सूचिपत्र माझ्यापुढे ठेवले. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आहे, एन. सी. सी. च्या चांदमारीत त्याचा नेम बरा लागला आणि आता त्याला जर्मन बनावटीची मॅच रायफल हवी आहे. "काका, यातली कोणती घेऊ?" त्याने विचारले. आजोबा लगेच म्हणाले, "घ्यायची तर उत्तमच घेऊ. या घरात हलकी वस्तू कधी आली नाही. त्या खुंट्याही पुन्हा भरतील."

मी म्हटले, "तूर्त यातली कोणतीच नको." दोघांनाही ते रुचले नाही. घाईघाईत मला माझे म्हणणे नीट मांडताही आले नाही. हा प्रश्न त्या एका घरापुरता नसल्यामुळे ते येथे सविस्तर मांडतो.

आपल्या बडोद्यातील जुन्या घराण्यांचा बंदुकीशी संबंध आला तो शिकारखान्याच्या आणि दरबारच्या मार्गाने. बंदूक ही तेव्हा मानाची वस्तू होती. ती कोणी दिली, कोणत्या विलायती कारागिराची आहे, यावर तिची किंमत ठरे; तिने नेम किती लागतो हे क्वचितच कोणी विचारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि तो संपला हे योग्यच झाले. पण वस्तू मानाची म्हणून घ्यायची ही सवय मात्र घरात राहिली. नेमबाजीचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलाला तीच सवय आज नडते आहे.

या शहराला दुसरीही एक परंपरा आहे, आणि ती अधिक अभिमानाची आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली बडोद्यात झाला. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास सोसलेला हा मराठी गृहस्थ १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला अध्यक्ष होता. आजही त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरते आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारे असंख्य नेमबाज त्याच पायरीवरून जातात. नेमबाजी ही सामान्य नागरिकाच्या मुलाला शिकता यावी अशी एक शिस्त आहे, हा विचार त्यामागे होता. प्रो. माणिकरावांच्या आखाड्याची कीर्ती ज्या गावाने वाढवली, त्या गावाला हे निराळे सांगावे लागू नये. आखाड्यात नवा मुलगा आला की त्याच्या हाती पहिल्या दिवशी कोणी सर्वांत जड जोडी देत नाही.

अभ्यासाला ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे ०.२२ इंची रिमफायर रायफलच का, हे प्रथम पाहू. मोठ्या काडतुसात ठिणगी टाकणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो. या छोट्या काडतुसात तो बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याची सुई त्या कडेवर आपटते. म्हणून त्याला रिमफायर म्हणायचे. गोळी शिशाची, वजनाने सुमारे २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, ठेवतात. धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा, खर्च मोठ्या काडतुसापेक्षा पुष्कळच कमी. नवशिक्याचे डोळे बाराच्या भीतीने मिटत नाहीत आणि खांदाही आखडत नाही.

पण ही रायफल सोपी आहे असे मात्र कोणी समजू नये. पन्नास मीटर जायला या गोळीला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्यात तिला सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला ढकलतो, आणि पन्नास मीटरच्या निशाणीवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते! म्हणजे जी झुळूक अंगणातल्या तुळशीचे पानही धड हलवत नाही असे वाटते, तीही इथे गुण नेते. श्वास, बोट, कोपर, वारा यांतील प्रत्येक चूक कागदावर उमटते. शिकवणारी बंदूक म्हणतात ती हीच.

आता निवडीकडे वळू. माझा पहिला सल्ला असा की वर्षभर काहीच विकत घेऊ नये. संस्थेच्या रायफलवर उस्तादाच्या नजरेखाली शिकावे. शस्त्राचा परवाना वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मिळत नाही. लहान वयाच्या मुलांना मात्र प्रशिक्षणात देखरेखीखाली सराव करण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. घरच्या सरावाला ०.१७७ इंची साधी एअर रायफल पुरे. तिची शक्ती नियमाच्या मर्यादेत असली तर तिला परवाना लागत नाही. फक्त छर्रा अडवणारी भक्कम पेटी आणि मागे भिंत हवी. वर्षभर हे निभले तर मुलाची आवड खरी आहे असे समजावे.

मग स्वतःची घ्यायची ती साधी, बोल्टची, एकेक गोळी झाडण्याची सवय लावणारी घ्यावी. आपल्या सरकारी आयुधनिर्माणीची ०.२२ ची स्पोर्टिंग रायफल घ्या, अथवा परवानाधारक दुकानदाराकडून चांगल्या स्थितीतली जुनी घ्या. पारखताना लाकडाची चकाकी पाहू नये. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आतले आटे स्वच्छ आणि धारदार दिसले पाहिजेत. नळीच्या तोंडाची कड नखाने तपासावी. तिथे खरचटा असला तर गोळी सरळ जात नाही. चाप ओढताना तो कोठे अडतो, कोठे सुटतो, हे दर वेळी सारखेच असले पाहिजे. थोडा जड असला तरी चालेल, लहरी असता कामा नये. आणि मागे पीप साइट, म्हणजे बारीक छिद्राची नजर, बसवण्याची सोय आहे की नाही हे विचारावे. अमेरिकेत रुगर कंपनीची १९६४ साली बाजारात आलेली ‘टेन-ट्वेन्टीटू’ घराघरांत पोचली. नेमाचा अभ्यास करणारे तिकडचे लोक त्या साध्या रायफललाच चांगली नजर आणि पट्टा लावून सराव करतात. दोष उघड होईल तसतशी सुधारणा करावी, ही रीत आपणही घ्यावी.

सुधारणेचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिला खर्च पट्ट्यावर. दंडाला बांधलेला चामड्याचा पट्टा रायफलचे वजन स्नायूंकडून हाडांकडे नेतो. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना त्याने जो फरक पडतो तो पाहून नवशिका चकित होतो. दुसरा खर्च दस्त्यावर. दस्ता मुलाच्या हाताच्या मानाने लांब असेल तर कमी करवावा, आखूड असेल तर मागे लाकडाच्या चकत्या लावाव्यात; गाल दर वेळी एकाच जागी टेकेल अशी उंची करून घ्यावी. हे काम आपल्याकडचा चांगला सुतारही करील. तिसरा खर्च नजरेवर. उघड्या नजरेत डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि दूरची निशाणी अशा तिघांकडे पाहावे लागते आणि तो थकतो. पीप साइटच्या छिद्रातून पाहिले की डोळा आपोआप मध्य शोधतो. पुढे गोल माशी असली तर वर्तुळात वर्तुळ बसवायचे, एवढेच उरते. चाळिशीचा चष्मा लागलेल्या आमच्यासारख्यांनाही याने नवा जन्म मिळतो.

त्यानंतर काडतुसे. एकाच कंपनीची दोन जातींची काडतुसे एकाच नळीतून निराळी वागतात. रायफलला तिची काडतुसे मानवावी लागतात. चार-पाच जाती आणून प्रत्येकीच्या दहा गोळ्या टेकू देऊन झाडाव्यात, ज्यांची छिद्रे सर्वांत जवळ येतात ती जात ठरवावी आणि मिळेल तेवढी एकाच वेळच्या मालातली घ्यावी. चापाचे काम सर्वांत शेवटी, आणि तेही परवाना असलेल्या कारागिराकडूनच. घरी कानस घेऊन बसणारा गृहस्थ एके दिवशी बोट न लावताच बार उडवून बसतो. परवान्यावाचून नळी आखूड करणे हा तर गुन्हाच आहे. नळी बदलण्याचा विचार त्याच्याही पुढचा. शिकण्याच्या पहिल्या चार वर्षांत त्याची गरज पडलेली मी पाहिलेली नाही.

प्रत्येक पायरीला कसोटी एकच. सुधारणेपूर्वी आणि नंतर, पाच-पाच गोळ्यांचे दहा कागद झाडावेत आणि तारीख घालून जपून ठेवावेत. ग्रुपिंग लहान झाले तर खर्च सार्थकी लागला. झाले नाही तर दोष रायफलमध्ये नव्हता, आणि पुढचा पैसा काडतुसांवर घालावा. आणखी एक साधी गोष्ट: रिमफायरचा घोडा रिकाम्या नळीवर वारंवार आपटू नये, सुई नळीच्या कडेवर बसून ती खराब करते. घरी कोरडा सराव करायचा तर झाडलेल्या काडतुसाची टोपी किंवा नकली काडतूस आत ठेवावे, आणि खरे काडतूस त्या खोलीतच नसावे.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. मोठे नेमबाज काय साध्या रायफलने जिंकतात? नाही, हे कबूल केले पाहिजे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, शिक्षकाचा मुलगा आणि रेल्वेतील नोकर, २०२४ साली पॅरिसला याच पन्नास मीटरच्या रायफलीत कांस्यपदक घेऊन आला. त्या पायरीवर अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब असतो आणि तिथे उत्तम नळीला पर्याय नाही. पण पॅरिसच्या प्राथमिक फेरीत कुसाळे ६०० पैकी ५९० गुणांनी सातवा आला होता. इतक्या सारखेपणाने साठ गोळ्या झाडण्याची सवय पैशाने मिळत नाही. आणि आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यातील लज्जा गोस्वामीने २०१३ साली ग्रानाडाच्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवले, तिचा आरंभही एन. सी. सी. च्या रायफलनेच झाला होता.

उलट उदाहरणही माझ्या पाहण्यात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका मुलाला वडिलांनी कर्ज काढून लाखांची परदेशी रायफल घेऊन दिली. पहिले सहा महिने घरात कौतुक चालले. पुढे हप्ता सुरू झाला आणि काडतुसे महिन्याला शंभरावर आली, मग पन्नासावर. मुलगा प्रत्येक गोळी भीत भीत झाडू लागला, कारण ती वाया गेली तर वडिलांचा चेहरा त्याला दिसे. दुसऱ्या वर्षी त्याने चांदमारीवर येणे सोडले. ती रायफल आजही कुलपात आहे, दर वर्षी तेल पुसून ठेवतात. त्याच पैशात साधी रायफल आली असती आणि कित्येक वर्षे पोटभर सराव झाला असता. त्या मुलाचा हात माझ्या पाहण्यातल्या पुष्कळांपेक्षा स्थिर होता, म्हणून हे अजून मनाला लागते.

म्हणून आपल्या मंडळांना आणि व्यायामशाळांना एक सुचवावेसे वाटते. दर वर्षी आपण पदकविजेत्यांना बोलावून शाल-श्रीफळ देतो, ते द्यावेच. पण जे अजून विजेते नाहीत त्यांच्यासाठी नोंदणीकृत रायफल क्लबशी बोलून दोन-तीन साध्या रिमफायर रायफलींची आणि एका काडतूस-निधीची सोय करता आली, तर ज्यांच्या घरी खुंट्याही नाहीत अशी मुलेमुली पुढे येतील. मावळंकरांच्या जन्मगावाला ते शोभून दिसेल.

माझ्या स्नेह्यांकडे मी पुन्हा गेलो तेव्हा सूचिपत्र टेबलावरच होते, पण त्याच्यावर एक वही ठेवलेली होती. नातवाने क्लबच्या रायफलवर झाडलेले पहिले चार कागद तीत चिकटवले होते. ग्रुपिंग चहाच्या बशीएवढे होते. आजोबांनी चष्मा लावून ते पाहिले आणि विचारले, "हे कधी लहान होणार?" मी म्हटले, "वर्षभर वही भरू द्या. मग रायफलचे बोलू."