जरद्गवाची ढोली : मांजर कोणाच्या हाती सोपवावे?

हितोपदेशातील जरद्गव गिधाडाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. भागीरथीच्या तीरी गृध्रकूट पर्वतावर एक मोठा पर्कटीवृक्ष. त्याच्या ढोलीत नखे आणि दृष्टी गमावलेले एक म्हातारे गिधाड राहते. झाडावरचे पक्षी दया म्हणून आपल्या घासातले थोडे थोडे त्याला देतात, आणि ते दाणापाण्याला गेले की गिधाड त्यांची पिल्ले राखते. एक दिवस दीर्घकर्ण नावाचा बोका चांद्रायणव्रताचे सोंग घेऊन येतो. गोड बोलून ढोलीत शिरतो आणि रोज एकेक पिल्लू आणून खातो. पक्ष्यांना संशय आल्यावर तो पसार होतो. हाडे ढोलीत सापडतात, आणि मरण गिधाडाच्या वाट्याला येते. ज्याचे कुळ आणि शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, असे या कथेचे तात्पर्य सांगितले जाते.

म्हणजे आपण ही कथा यजमानाच्या बाजूने वाचत आलो आहोत. आम्हांस ती पक्ष्यांच्या बाजूने वाचावीशी वाटते. तसे केले की तिचा विषयच बदलतो. आपल्या पिल्लांना कोणाच्या तरी स्वाधीन करून रोज घराबाहेर पडणाऱ्यांची ती कथा होते. या पक्ष्यांनी राखणदार निवडला तो कशाच्या बळावर? तो वृद्ध होता, सज्जन होता आणि जवळच राहत होता. त्याला दिसत नाही, ही एकच गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नाही. जरद्गव दुष्ट मुळीच नव्हता; पिल्लांचा कालवा ऐकून 'कोण आहे?' असे त्याने विचारलेही. परंतु मिळालेले उत्तर डोळ्यांनी पडताळून पाहणे त्याच्या हाती नव्हते. सद्भाव होता, दृष्टी नव्हती.

प्रवासाला निघालेल्या मांजरपाळ्या कुटुंबापुढे आज नेमका हाच प्रश्न उभा असतो. फरक इतकाच की कथेत घातक ठरलेला जीव आता पिल्लांच्या जागी आला आहे. दिवाळीची सुट्टी, लांबच्या गावचे लग्न, उत्तरपत्रिका तपासणीचे शिबिर किंवा परगावचे आजारपण निघाले की घरात चर्चा सुरू होते : मांजराचे काय करायचे? पुण्या-मुंबईत त्यावर 'कॅट बोर्डिंग', 'पेट हॉस्टेल' असे तयार उत्तर मिळते. मग आपण खोली वातानुकूलित आहे का, भाडे किती, छायाचित्रे पाठवतात का, हे विचारतो. आमचे म्हणणे असे की हे प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न जरद्गवाचा : सांभाळणाऱ्याला दिसते का?

हे स्पष्ट होण्यासाठी शहरातून थोडे दूर जाऊ. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–कलबुर्गी लोहमार्गावरचे, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले बाजारपेठेचे गाव. तूर, मूग, उडीद अशा भुसार मालाचा येथे व्यापार चालतो. धान्य आले की उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजर आले. अशा गावात मांजर हे मुळात कामाचे जनावर; लाड नंतरचे. येथे घराला कुलूप लावून कुटुंब गाणगापूरला किंवा पंढरपूरला निघाले की मांजर कोठे नेले जात नाही. ते जागीच राहते, आणि किल्ली किंवा वाटीभर दूधभात शेजारी जातो. शेजारीण त्याला कन्नडमध्ये बोलावते की मराठीत, याने त्याचे काही अडत नाही. मराठीतला 'बोका' आणि कन्नडमधला 'बेक्कू' कानाला तरी एकमेकांचे शेजारीच वाटतात.

ही रीत केवळ साधेपणाची नाही, तिच्यात मांजराच्या स्वभावाची ओळख आहे. कुत्र्याचे घर म्हणजे त्याची माणसे. मांजराचे घर म्हणजे बऱ्याच अंशी त्याची जागा, तिचे कोपरे आणि तेथे त्याने स्वतःच लावून ठेवलेला वास. म्हणून चार-सहा दिवसांचाच प्रश्न असेल तर मांजराला त्याच्याच घरात ठेवून विश्वासू माणसाने दिवसातून दोनदा येऊन जाणे, हा पर्याय बहुतेक मांजरांना उत्तम वसतिगृहापेक्षा मानवतो. आमच्या मते निवडीची सुरुवात येथूनच व्हावी.

दुधनीच्या शेजारणीकडे आणखी एक गोष्ट असते : ते मांजर एरवी कसे वागते हे तिला ठाऊक असते. बदल ओळखायचा तर आधी नेहमीचे माहीत असावे लागते. आणि मांजराच्या बाबतीत बदल ओळखणे हाच सांभाळाचा गाभा आहे, कारण हा प्राणी दुखणे लपवतो. दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावरचे दुखणे ओढवू शकते. एखादा बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो आणि लघवी होत नाही, म्हणजे मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. तेव्हा एक-दोन दिवसांचा विलंबही प्राण घेतो. घाईत पाहणाऱ्याला पहिले मांजर 'शांत' वाटते आणि दुसरे 'चंचल'. दोन्ही वेळा मांजर त्याच्या डोळ्यांसमोरच असते, फक्त त्याला ते दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की महानगरात असा शेजार उरला कोठे? समोरच्या दारामागचे आडनाव माहीत नसते, तेथे किल्ली कोणाला द्यावी? आक्षेप खरा आहे. शिवाय शेजार नेहमीच निर्दोष असतो असेही नाही. जुन्या शेजारातील पुष्कळसा सांभाळ घरातल्या बायकांच्या बिनमोल श्रमांवर चालत आला, हे विसरून त्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पैसे घेऊन मांजर सांभाळणे यात गैर काही नाही, उलट श्रमाला दाम मिळतो हे चांगलेच. पक्ष्यांनी जरद्गवाला उरलेसुरले देऊन राखण करवून घेतली, ही त्या कथेतली दुसरी दुर्लक्षित बाब आहे. म्हणून वसतिगृह नकोच, असे आम्ही म्हणत नाही. शेजारणीच्या नजरेत जे आपोआप होते, ते वसतिगृहात विचारून घ्यावे लागते, एवढेच आमचे सांगणे.

काय विचारावे? एका माणसाकडे किती प्राणी आहेत आणि रात्री तेथे कोण असते, हे सर्वांत आधी. कोणी किती खाल्ले आणि ट्रे कसा होता याची मांजरागणिक रोज नोंद होते का? होत असेल तर कालची वही पाहावी. भिंतीवरच्या चित्रांपेक्षा ती वही अधिक बोलते. भ्रमणध्वनीवर रोज येणारे छायाचित्र मनाला बरे वाटते. पण छायाचित्रात मांजर असते, ट्रे नसतो.

'आमच्याकडे सगळी मांजरे मोकळी, एकत्र खेळतात' हे वाक्य फार प्रेमळ वाटते. त्यापासून सावध राहावे. अनोळखी मांजरांचा सहवास बहुतेक मांजरांना सुखाचा नसतो. त्याखेरीज मांजरांचा सर्दी-ताप शिंकांतून फैलावतो, आणि पॅनल्युकोपेनियासारख्या प्राणघातक रोगाचा विषाणू जागेत कित्येक महिने टिकून राहतो. प्रत्येक मांजराला स्वतंत्र कप्पा हवा, दोन कप्प्यांमध्ये आडोसा हवा, आत लपायला खोके आणि चढून बसायला उंच जागा हवी. अन्न ट्रेपासून दूर ठेवलेले असावे, कुत्र्यांचे भुंकणे कानाशी नसावे. बाहेरचे दार दुहेरी असावे, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहील. लसीकरणाचा दाखला न मागता जे ठिकाण मांजर ठेवून घेते, त्याने शेजारच्या कप्प्यातल्या मांजराचाही दाखला मागितलेला नसतो.

येथे शब्दाच्या व्युत्पत्तीचाही उपयोग होतो. 'मांजर' आले 'मार्जार' वरून, आणि 'मार्जार' च्या मुळाशी 'मृज्' हा स्वच्छ करणे या अर्थाचा धातू मानला जातो. स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणारा तो मार्जार. त्याने अंग चाटणे सोडले की काहीतरी बिनसले आहे, हे जाणत्या माणसाला कळते. याच सवयीमुळे फरशीवर जे असते ते पंजांवाटे त्याच्या पोटात जाते. काळ्या फिनेलचा उग्र वास आपल्याला स्वच्छतेची साक्ष वाटतो. परंतु त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराचे यकृत नीट निचरू शकत नाही आणि ती त्याला विषारी ठरतात. तो दर्प दारातच नाकाशी आला तर जागा कशाने पुसता हे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचे कारण कळते का तेही पाहावे.

कायद्याचा आधार किती? इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार मांजरांचे वसतिगृह व्यवसाय म्हणून चालवण्यास परवाना लागतो. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ मध्ये आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम झाले. त्यांचा मुख्य रोख पैदास आणि विक्रीवर आहे. त्याच कायद्याचे ११ वे कलम सांभाळकर्त्याइतकेच मालकालाही लागू आहे : उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणावाचून सोडून देणे हा गुन्हा आहे. 'मांजर काय, कुठेही पोट भरते' असे म्हणून दार ओढून घेणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे.

आणि मालकाचेही काही कर्तव्य उरतेच. सांभाळणाऱ्याला दृष्टी हवी असेल तर तिला लागणारे 'नेहमीचे' आपणच लिहून द्यायचे असते : मांजर किती खाते, कोठे झोपते, कशाला घाबरते, आजवर कोणते आजार झाले, पशुवैद्य कोण, आणि आपल्याशी संपर्क झाला नाही तर उपचाराचा निर्णय कोणी घ्यावा. न धुतलेले अंथरूण बरोबर द्यावे. त्यातला घरचा वास त्याला आधार देतो. मोठ्या प्रवासाआधी एका रात्रीचा मुक्काम करवून पाहावा. परतल्यावर मात्र 'त्रास दिला का?' असे विचारू नये. 'काय काय खाल्ले?' असे विचारावे. ज्याने पाहिले असेल तो तपशील सांगेल. ज्याने पाहिले नसेल तो 'अगदी मजेत होते' म्हणेल.

मराठीत आपण मांजर 'ठेवतो' असेही म्हणतो आणि 'सांभाळायला देतो' असेही. ठेव ही निर्जीव वस्तूची असते. ती कुलूपबंद राहिली की काम झाले. सांभाळ जिवाचा असतो आणि त्याला रोजची नजर लागते. दुधनीच्या गल्लीत हा भेद कोणी कोणाला शिकवत नाही, शहरात तो पैसे मोजण्यापूर्वी करावा लागतो. हितोपदेशाने यजमानाला पाहुण्याचे कुळ-शील पाहायला सांगितले. आज पाहुणा मुका आहे. म्हणून यजमानाचे कुळ-शील पाहणे हे त्याला तेथे नेणाऱ्याचे काम आहे, आणि त्या शीलात दयेइतकेच डोळेही मोजले पाहिजेत.