वाचकांच्या नावाने

विज्ञानकथा म्हटली की अंतराळयान, परग्रह, यंत्रमानव. घरातली मोठी माणसे म्हणतात, पोरांची करमणूक आहे, वाचू द्या. पण याच करमणुकीच्या पुस्तकांवरून अमेरिकेत मोठमोठी भांडणे झाली, वाचकांनी बहिष्कार पुकारले. वाचक म्हणतील, हे आपल्या पानावर कशाला? भांडण होते ते उद्याच्या जगात कोणाला जागा द्यायची यावर. म्हणून.

डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हे नाव आपल्याला परके नाही. अमेरिकेतील काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहून त्यांच्याकडेच मागितल्या होत्या. या ड्युबॉइस यांनी 1920 साली ‘द कॉमेट’ म्हणजे धूमकेतू नावाची कथा लिहिली. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क शहर मरून पडते. धोक्याच्या तळघरात पाठवला म्हणून बँकेतला एक काळा निरोप्या तेवढा वाचतो, आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. काही तास दोघे नुसती माणसे असतात. मग तिचा बाप येतो, शहराबाहेर जग शिल्लक आहे असे कळते, आणि त्या निरोप्याला पुन्हा त्याची पायरी दाखवली जाते. शंभर वर्षे झाली या कथेला.

आता संपादकाची गोष्ट. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल हे 1937 पासून 1971 साली मरेपर्यंत एकाच मासिकाचे संपादक होते. आधी त्याचे नाव ‘अस्टाउंडिंग’, पुढे ‘ॲनालॉग’. अनेक नामवंत लेखक त्यांनी घडवले, हे मान्य करायलाच हवे. हार्लेममध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय लेखक सॅम्युएल डिलेनी यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी त्यांच्याकडे गेली. नायकाची आई आफ्रिकेतल्या सेनेगलची. डिलेनी यांनी 1998 च्या एका लेखात लिहिले आहे की कॅम्पबेल यांनी त्यांच्या प्रतिनिधीला फोन करून सांगितले, कादंबरी आवडली, पण काळा नायक आमच्या वाचकांना जवळचा वाटणार नाही.

आमच्या वाचकांना! वाचकांना कोणी विचारले होते? 1968 साली कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने काढली आणि 1969 च्या ह्यूगो पुरस्कारासाठी याच वाचकांनी तिचे नाव अंतिम यादीत आणले. कारण ह्यूगो हा वाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार आहे. 1953 पासून तो चालू आहे.

तेव्हा लेखकांतही फूट होतीच. 1968 च्या ‘गॅलक्सी’ मासिकात व्हिएतनाम युद्धाच्या बाजूच्या लेखकांनी आणि विरोधातल्या लेखकांनी पैसे भरून समोरासमोर जाहिराती दिल्या होत्या. वाचक दोन्ही याद्या वाचत आणि दोन्हीकडच्यांची पुस्तकेही घेत.

पण 2015 साली भांडण वाचकांच्या दारातच आले. ‘सॅड पपीज’, म्हणजे दुःखी पिल्ले, असे नाव घेतलेल्या एका गटाचे म्हणणे होते की ह्यूगो आता साहसकथेला मिळत नाही, राजकीय उपदेश करणाऱ्यांना मिळतो. सामान्य वाचकाला कोणी विचारत नाही. त्यांच्याहून जहाल ‘रॅबिड पपीज’ हा दुसरा गट उभा राहिला. तक्रार करायला कोणाची ना नाही. आपल्या आवडीच्या लेखकासाठी मते मागायलाही नाही. पण यांनी चक्क पॅनेल उभे केले. पतपेढीची निवडणूक पाहिलेल्यांना पुढचे सांगायला नको. बाकीच्यांची मते शेकडो पुस्तकांत विखुरलेली, यांची ठरलेल्या नावांवर एकगठ्ठा. नामांकनाच्या मतपत्रिका दोन हजारांच्या आसपास. त्यात काही शेकडा मते पुरली आणि कित्येक विभागांत पाचही जागा पॅनेलच्या. दोन लेखकांनी असले नामांकन नको म्हणून आपली नावे मागे घेतली.

भर म्हणून टॉर या मोठ्या प्रकाशनसंस्थेतील एका बाईंनी या गटांना वंशवादी आणि नव-नाझी म्हटले. संस्थेच्या प्रमुखांनी ते संस्थेचे मत नाही असे जाहीर केले. तेवढ्याने भागले नाही. जून 2015 मध्ये टॉरच्या पुस्तकांवर बहिष्काराची हाक दिली गेली.

बहिष्कार हा शब्द आपल्या कानाला वेगळा लागतो. गावाने पाणी, दुकान, मजुरी बंद करावी तो बहिष्कार आपल्या वाडवडिलांनी सोसला. वाचकाने एखादे पुस्तक घेणार नाही म्हणावे हा त्यातला प्रकार नव्हे. आपला पैसा कुठे जावा हे ठरवायचा ज्याचा त्याला हक्क आहे, आपल्या विरोधकालाही आहे. मात्र लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या नोकरदाराची भाकरी काढा असा हट्ट त्यात आला की तो गावच्या बहिष्काराकडे सरकतो, असे आम्हाला वाटते.

ऑगस्ट 2015 मध्ये स्पोकेन शहरात निकाल लागला. मत देण्यासाठी 40 डॉलर सभासद वर्गणी होती. किमान वेतनावर राबणाऱ्या तिथल्या मजुराची ती पाच-साडेपाच तासांची कमाई. मतासाठी पैसे मोजावे लागतात हे आम्हाला खटकते. तरी 5,950 वाचकांनी मत दिले. तोपर्यंत एवढे मतदान कधीच झाले नव्हते. पाच विभागांत त्यांनी ‘कोणालाही पुरस्कार नको’ हा पर्याय निवडला. उत्कृष्ट कादंबरी ठरली चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. माघार घेतलेल्या एका लेखकाच्या जागी ती यादीत आली होती, आणि प्रकाशक होते टॉर!

पुढच्या वर्षी एन. के. जेमिसिन यांना कादंबरीचा ह्यूगो मिळाला. रॅबिड पपीजच्या म्होरक्याने 2013 साली ज्या कृष्णवर्णीय बाईंना अर्धरानटी म्हणून हिणवले होते, त्याच या. या विभागात जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. 2017 आणि 2018 सालीही त्याच जिंकल्या. लागोपाठ तीन वर्षे असे पूर्वी कोणाला जमले नव्हते. कॅम्पबेल यांचे नाव नवोदितांच्या पुरस्काराला होते, तेही 2019 मध्ये काढले गेले. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या जेनेट इंग यांनी तो पुरस्कार घेताना व्यासपीठावरूनच कॅम्पबेल यांना फॅसिस्ट म्हटले, आणि दहा दिवसांच्या आत मासिकाने पुरस्काराचे नाव बदलले.

पण मत देणाऱ्याइतकाच मोजणारा महत्त्वाचा. 2023 साली संमेलन चीनमधील चेंगदू येथे होते. मतांचे आकडे जानेवारी 2024 मध्ये बाहेर आले तेव्हा कळले की आर. एफ. क्वांग यांच्या ‘बॅबेल’सह काही नावे, भरपूर मते असूनही, कारण न देता अपात्र ठरवली होती. पुढच्याच महिन्यात पत्रव्यवहार फुटला. चीनला खटकेल असे कोणी काय लिहिले याची टिपणे पुरस्काराचे काम पाहणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनीच काढली होती. कोणी सांगण्याआधीच वाकणारी माणसे सगळीकडे असतात!

2024 च्या ग्लासगो संमेलनात 377 बनावट मते सापडली. समितीने ती बाद केली आणि निकालाच्या आधीच तसे जाहीर केले. ज्याच्यासाठी ती टाकली होती त्याला याची कल्पना असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याचे नाव मात्र सांगितले नाही.